कंसातली नावे

मौजे विचुंबे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. आमच्या भागातल्या जमिनीच्या खरेदीखतात असा मजकूर असतो. गावांची नावे बाजूला काढली तर तीन शब्द उरतात, आणि तिन्ही अरबीतून आलेले आहेत. 'मौज़ा' म्हणजे ठिकाण. 'तअल्लुक़' म्हणजे संबंध. ज्या गावांचा एकाच कचेरीशी संबंध, तो तालुका. 'ज़िला'चा मूळ अर्थ बरगडी, त्यावरून बाजू, त्यावरून मुलखाचा एक भाग. कागद पुढे वाचत गेलात की जिराईत, बागायत, खरीप, रब्बी, हक्क, वारस, कब्जा, दस्त, रक्कम, तपशील, महसूल भेटत राहतात. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला होता. त्याचे महत्त्व मोठे आहे, पण शेताच्या बांधावर मात्र जुनेच शब्द टिकून राहिले. उर्दू शिकवणाऱ्याला सातबारा वाचायला शब्दकोश लागत नाही, असे मी वर्गात गमतीने सांगतो. मुले हसतात, पण घरी जाऊन उतारा काढून बघतात खरे.

पनवेलच्या आसपास आता इंजिनिअरिंग कॉलेजांची कमी नाही. डेटा सायन्स, डेटा ॲनालिटिक्स असे अभ्यासक्रम निघाले आहेत. पालक विचारतात, "सर, हे नवीन काय निघालंय? पोराला घालू का?" घाला, जरूर घाला. पण हे शास्त्र काल-परवा संगणकाबरोबर आले, ही समजूत मात्र खरी नाही. माहितीचे रकाने कोणते पाडायचे, नोंद कोणी करायची, ती कोणी तपासायची, दोन कागदांवरचे नाव एकाच माणसाचे आहे हे कसे ओळखायचे, हे या विषयातले सगळे मोठे प्रश्न दख्खनच्या जमीन-दफ्तरात चारशे वर्षे चालत आले आहेत. त्यातच आणखी एक प्रश्न आहे: ज्याचे नाव रकान्यात चढलेच नाही, त्याचे पुढे काय होते? मला त्या प्रश्नापर्यंत जायचे आहे, पण वाट दफ्तरातूनच जाते.

सुरुवात मलिक अंबरपासून करू. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये वारला. आपल्याला त्याचा गनिमी कावा आणि खडकीची नहर आठवते. महसुलातले त्याचे काम मात्र शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकते. त्याच्या आधी इजारा चालत असे. म्हणजे सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि रयतेकडून हवे तेवढे वसूल करायचे. इजारदाराला शेताची माहिती लागतच नव्हती, त्याला फक्त रक्कम माहीत असली की पुरे. मलिक अंबरने ही पद्धत मोडून जमिनीचा कस पाहून आकारणी करण्याची रीत बसवली. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवल्याप्रमाणे आधी पिकाचा सुमारे दोन पंचमांश हिस्सा ठरला आणि पुढे तो रोखीत, सुमारे एक तृतीयांशावर आला. आकड्यांपेक्षा मला यातली दिशा महत्त्वाची वाटते. सरकारने प्रथम शेताबद्दल विचारले: किती आहे, कसे आहे, काय पिकते? उत्तर कोकणचा बराच भाग तेव्हा निजामशाहीत होता. पुढे शिवशाहीत अण्णाजी दत्तोंनी काठीने जमीन मोजवली. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा बिघा, एकशे वीस बिघ्यांचा चावर. मोजमापाची पट्टी एक असल्याशिवाय दोन गावांची तुलना होत नाही, हे त्यांना नेमके कळले होते.

पट्टी जशी लांबीची लागते तशी काळाचीही लागते. इथे आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. हिजरी साल चंद्राचे. ते सौर सालापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसात. रोज्यांसाठी ते ठीक, पण पीक काही चंद्र बघून येत नाही. वसुलीची तारीख हिजरी सालावर ठेवली तर काही वर्षांतच ती कापणीच्या आधी येऊ लागते. यावर दख्खनेत चौदाव्या शतकात उपाय निघाला तो शुहूर सन. वर्षाचा आकडा हिजरीतून घेतला, पण वर्ष सौर केले आणि त्याचा आरंभ सूर्य मृगात जातो तेव्हापासून धरला. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पाऊस, पेरणी आणि हिशेबाचे वर्ष एकत्र सुरू!

हा सन मराठ्यांनी शेवटपर्यंत वापरला आणि तोही अरबी संख्याशब्दांत. पेशवाईतल्या मोडी कागदावर 'इसन्ने सबैन मया व अलफ' असे दिसले की आमच्यासारखे लगेच सावरून बसतात. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७७१ चा मृग येतो. शब्दांत लिहिलेला आकडा खोडून बदलणे सोपे नसते, आजही चेकवर रक्कम अक्षरी लिहितोच ना! पुण्यातला ब्राह्मण कारकून मोडी लिपीत, मराठी मजकुरात, अरबी आकड्यांनी तारीख घालतो आहे, हे चित्र मला फार आवडते. त्याला त्यात काही विशेष वाटत नसेल. ती त्याच्या कामाची रीत होती.

पेशवे दफ्तर हा तर माहिती-व्यवस्थेचा मोठा नमुना. रोज घडेल ते तारखेवार लिहायचे ती रोजकीर्द. तीच माहिती खात्यावार वेगळी काढायची ती खतावणी. कागद कापडात बांधून ठेवायचे ते रुमाल. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. राज्य तलवारीने मिळाले असेल, पण चालवले ते या नीसांनी. १८१८ नंतर हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि फार काळ अभ्यासकांना मोकळे नव्हते. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात बाहेर आले.

इंग्रजांनी कागद जपले आणि ते लोकांवर उलटवलेही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनाम जमीन खाणाऱ्याने सनद दाखवावी, नसेल तर जमीन खालसा. पिढ्यान्पिढ्या ज्या जमिनीवर मशिदीचा दिवा किंवा देवळाचा नैवेद्य चालत होता, तिच्या कागदाला वाळवी लागली असेल तर पुरावा काय द्यायचा? भार सरकारवर नव्हता, इनामदारावर होता. जहागीरदारापासून गावच्या काजीपर्यंत सगळेच त्यात भरडले गेले, जातधर्म न बघता. २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांची माहिती 'उम्मीद' पोर्टलवर भरायला सांगितली गेली, तेव्हा गावोगावच्या मुतवल्लींची जी धावपळ झाली, ती पाहताना मला हे कमिशन आठवत होते. त्या कायद्याच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. माझा मुद्दा कागदाचा आहे. शंभर वर्षे दफन होत असलेल्या कब्रस्तानचा सातबारा कोणाच्या नावाने आहे, हे जमातीतल्या किती जणांनी कधी बघितले होते?

आता इंदापूरकडे. पुणे जिल्ह्यातला हा तालुका माहितीशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला पाहिजे असे माझे मत आहे, कारण इथे एक फार हुशार योजना सपशेल बुडाली.

रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण इंग्रज अधिकारी. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात तो थेट माल्थसकडून अर्थशास्त्र शिकलेला. १८२७ च्या सुमारास पुणे भागात त्याने पाहणी सुरू केली. कल्पना कागदावर सुंदर होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येते, त्याची किंमत काय, कसण्याचा खर्च किती, हे सगळे काढायचे, खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न ठरवायचे आणि त्याचे ५५ टक्के सारा म्हणून घ्यायचे. कोष्टकेच्या कोष्टके भरली गेली. पण कोष्टकात शिरणारा आकडा येत कुठून होता? बैलाचा खर्च किती, शेणखत किती, घरच्या बाईच्या मजुरीचे काय धरायचे, हे शेतकऱ्यालाही सांगता येणार नाही, मग कारकुनाला कसे येणार? शिवाय मोजणीवरच्या हाताखालच्या लोकांपैकी अनेकांनी लाच घेतली. ज्याने पैसे दिले त्याची काळी जमीन मुरमाड ठरली, ज्याने दिले नाहीत त्याचा माळ काळा झाला. वरच्या साहेबासमोर आले ते नीट आखलेले, बेरीज जुळणारे आकडे. त्यावर सारा बसला. त्यात धान्याचे भाव पडलेले. इंदापुरात शेते ओस पडली, बाकी थकत गेली, लोक उठून शेजारच्या निजामाच्या मुलखात गेले.

संगणकवाले आज म्हणतात, आत कचरा घातला तर बाहेर कचराच येतो. इंदापूरच्या कुणब्याने ते पाय उचलून सांगितले.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर लेफ्टनंट तिथे गेले. त्यांनी जे केले त्यातली अक्कल मला प्रिंगलच्या विद्वत्तेपेक्षा मोठी वाटते. निव्वळ उत्पन्न शोधायचा नाद त्यांनी सोडला. जे डोळ्यांना दिसते तेवढेच मोजायचे: मातीचा रंग, तिची खोली, तिच्यातले चुनखडीचे खडे, उतार, पाण्याची ओल. त्यावरून जमिनीच्या प्रती ठरवायच्या आणि सर्वांत चांगली जमीन सोळा आणे धरून बाकीच्यांना त्या खालोखाल आणे द्यायचे. हे झाले शेताशेताचे एकमेकांशी प्रमाण. मुख्य दर किती ठेवायचा ते मागच्या वर्षांची खरोखरची वसुली, भाव आणि बाजाराचे अंतर बघून ठरवायचे आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही. कारकुनाने केलेल्या प्रतवारीतला काही भाग वरच्या अधिकाऱ्याने स्वतः शेतात जाऊन पुन्हा तपासायचा. आजच्या भाषेत नमुना-तपासणी. सारा कमी झाला, लोक परत आले, पडीक जमीन वहीत येऊ लागली आणि ही पद्धत मुंबई इलाखाभर गेली. इंग्रज सरकार एकाएकी दयाळू झाले होते असे नाही. मोकळ्या शेतातून सारा येत नाही, एवढे त्यांना समजले.

मोजणीला शंकू-साखळी वापरत. साखळी तेहतीस फुटांची आणि तिचेही सोळा आणे पाडलेले. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे केले की बरोबर ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एक एकर. ना कमी, ना जास्त. विलायती एकराला आपल्या गुंठ्यात असे चपखल बसवले की आज विचुंब्यात प्लॉट घेणाऱ्या कोणालाही वाटत नाही, की आपण दोन मापे एकत्र बोलतो आहोत.

जाता जाता: जुने पनवेल शोधायला कोणी कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर उघडले तर फसगत होईल. १८८२ च्या ठाणे खंडात ते सापडते. पनवेल कुलाब्यात गेले १८८३ मध्ये, आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ मध्ये. जागा तिथेच असते, तिचा पत्ता बदलतो. जुन्या आकडेवारीवर काम करणाऱ्यांचे निम्मे आयुष्य असल्या जोडण्यात जाते.

इथपर्यंत दफ्तराला शेत माहीत झाले होते, सारा भरणारा माहीत झाला होता. शेतावर कोणाकोणाचा हक्क आहे हे लिहिण्याची पद्धतशीर सोय झाली १९०३ च्या मुंबई कायद्याने, हक्कनोंदणीच्या. अँडरसनच्या मॅन्युअलमधून गाव नमुने पक्के झाले, एक ते एकवीस. त्यातला सातवा आणि बारावा एका कागदावर आले तो आपला सातबारा: सातात कब्जेदार आणि इतर हक्क, बारात पीक. आठ-अ म्हणजे खातेदाराची सगळ्या शेतांची एकत्र यादी. आणि या सगळ्यांच्या मागे उभा असतो नमुना सहा, फेरफार. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, काहीही बदल झाला की आधी तो तारखेवार सहामध्ये क्रमांक घेऊन चढतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो, आणि मग सातवर नवे नाव येते, शेजारी त्या फेरफाराचा क्रमांक लिहून.

जुने नाव पुसत मात्र नाहीत. ते कंसात घालतात. 'नाव कंसात गेले' हा आपल्याकडचा वाक्प्रचार तिथूनच आला. कंसातला माणूस आता मालक नाही, पण कधी काळी होता, आणि का गेला ते शेजारच्या क्रमांकावरून सापडते. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने डेटाबेसची जी मांडणी सुचवली, जिच्यावर आजच्या बँका आणि रेल्वेची तिकिटे चालतात, तिचा गाभा असा: माहिती सरळ तक्त्यांत ठेवा, प्रत्येक ओळीला ओळख पटेल असा क्रमांक द्या, आणि तक्ते त्या क्रमांकांनी एकमेकांशी जोडा. गट क्रमांक आणि फेरफार क्रमांक याहून वेगळे काय करतात? कॉडने तलाठ्याची नक्कल केली असे मी म्हणत नाही. एका तऱ्हेच्या अडचणीतून एका तऱ्हेची युक्ती निघते, इतकेच.

आता रकान्याबाहेरच्या माणसांकडे येतो. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. खोती गावांत कसणारे कूळ पिढ्यान्पिढ्या तेच, पण वहीत नाव खोताचे. खोतांत हिंदू होते, मुसलमानही होते. पिकाचा हिशेब खोताच्या घरी, कुळाच्या हातात काहीच नाही. अलिबाग तालुक्यात चरी गावी १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे भातशेती सोडून लोकांनी लाकडे फोडली, मिळेल ते केले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. पुढे कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी जमीन कसणारे कूळ मालक मानले गेले. आणि मग ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात चढले होते तो तरला. ज्याला जमीनदाराने आधीच गोड बोलून रकान्याबाहेर ठेवले होते, तो कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. नांगर दोघांनी सारखाच धरला होता.

आमच्या घरांत असे रकान्याबाहेरचे कूळ कोण आहे, हे सांगायला मी एवढा फेरा घेतला. बहीण.

समजा, एका माणसाची एक एकर शेती आहे. तो वारला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. आई-वडील हयात नाहीत, कर्ज-वसीयत नाही. सूरह निसामध्ये हिस्से ठरलेले आहेत. बायकोचा आठवा हिस्सा, चाळीसातले पाच गुंठे. उरले पस्तीस. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे चौदा, चौदा आणि सात. हिशेब इतका सरळ आहे की सातवीतला मुलगा करील. नवव्या शतकात बगदादेत अल-ख्वारिज्मीने बीजगणिताचे पुस्तक लिहिले, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारसा-वाटणीच्या उदाहरणांचा आहे. 'अल्गोरिदम' हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तो माणूस विधवेचा हिस्सा कसा काढायचा ते समजावत होता.

मग प्रत्यक्षात काय होते? वारस नोंदीचा अर्ज मोठा मुलगा देतो. कायद्याने वर्दी तीन महिन्यांत द्यायची. वारसांसाठी सहा-क असा स्वतंत्र नमुना आहे, नोटीस निघते, हरकतीला मुदत असते. पण अर्जात नावे किती द्यायची हे अर्जदाराच्या हातात. कधी बहिणीचे नाव दिलेच जात नाही. कधी दिले जाते आणि महिनाभरात ती हक्कसोडपत्रावर सही करते, बिर्याणी खाऊन, भावाने घेतलेल्या साडीत. 'माहेर तुटायला नको' हे त्या सहीमागचे खरे कलम. आणि फेरफार मंजूर झाला की महसूल संहितेप्रमाणे ती नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. वाईट भाग असा की वगळलेल्या बहिणीचे नाव कंसातसुद्धा नसते. कंसात जायला आधी बाहेर तरी यावे लागते. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक या गावाच्या सातबाऱ्यांचे विश्लेषण करील आणि आकडेवारीनिशी सिद्ध करील की इथल्या मुसलमानांना मुली कमीच होत असत.

कायद्यातही एक फट आहे. १९३७ च्या शरीअत कायद्याने वारशासारख्या बाबींत रूढीऐवजी शरीअत लागू केली, पण शेतजमीन वगळून. शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता हे त्याचे कारण. त्या फटीत रूढीचा आधार शोधणारे हमखास भेटतात. गंमत अशी की शरीअतवर भाषण देताना ज्यांचा आवाज चढतो, त्यांतले काही इथे रूढीचे वकील होतात. "तुकडेबंदी आहे, सात गुंठ्यांचं काय करणार ती?" हाही एक ठेवणीतला प्रश्न. तुकडा वेगळा मोजून देण्याला अडचण येऊ शकते, पण सामाईक खात्यात वारस म्हणून नाव लागायला तुकडेबंदी आड येत नाही. आणि सात गुंठ्यांची किंमत आता भातात मोजायची नाही. विचुंबे 'नैना'च्या क्षेत्रात आहे. २०१३ पासून सिडको इथली नियोजन प्राधिकरण. नगररचना परियोजनेत जमीनमालकाला विकसित भूखंड मिळतो तो उताऱ्यावरच्या क्षेत्राच्या हिशेबाने. उताऱ्यावर नाव नाही, तर भूखंडात वाटा नाही.

संगणक आल्याने यात काही सुधारले का? सुधारले. जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशात १९८८-८९ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपले वर्धा होते. आता ई-फेरफार आहे, २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो, २०२१ पासून पीक पाहणी शेतकरी मोबाइलवरून करतो. दुबईत बसलेल्या कोकणी माणसाला आजोबांच्या शेतावर काय चढले आहे ते रात्री जेवल्यावर बघता येते. ही लहान गोष्ट नव्हे. कितीतरी घरांत तीन पिढ्या मयत झालेली नावे अजून उताऱ्यावर जिवंत आहेत, कारण मुले मुंबईला, आफ्रिकेला, आखाताला गेली. हस्तलिखित वह्या संगणकावर चढवताना चुका झाल्या तेव्हा चावडीवाचन ठेवले गेले. सगळ्या गावासमोर उतारे मोठ्याने वाचायचे, ज्याला खटकेल त्याने बोलायचे. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. अडाणी माणूससुद्धा माहिती तपासू शकतो, जर ती त्याला ऐकू आली तर. फक्त त्या चावडीवर बायका किती बसल्या होत्या, हेही विचारले पाहिजे.

राहिला नावांचा घोळ, आणि तो तर माझ्या रोजच्या धंद्यातला. ज़ुबेदा, ज़ाकिर, रियाज़, ज़फ़र या चार नावांतला 'ज़' उर्दूत चार वेगळ्या अक्षरांनी लिहितात: ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय. देवनागरीत चौघांना एकच ज, नुक्ता बहुधा गळालेला. म्हणून 'जफर' आणि 'जाफर' ही दोन निराळी नावे एका कान्याच्या अंतरावर येतात. उलट एकच नाव महंमद, मोहम्मद, महमद, मुहम्मद अशा चार तऱ्हांनी चार कागदांवर. रोमन लिपीत तर विचारू नका. संगणकाला यातले काही कळत नाही. त्याला अक्षर बदलले की माणूस बदलला. अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने १९१८ मध्ये 'साउंडेक्स' नावाच्या युक्तीचे पेटंट घेतले. नावातल्या जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, म्हणजे स्पेलिंग बदलले तरी नाव सापडते. ती इंग्रजी कानासाठी बनलेली. १९६९ मध्ये कॅनडातल्या फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी नोंदी जुळवण्याचे गणित मांडले. त्यांनी स्पष्ट केले की चुका दोन प्रकारच्या असतात, दोन माणसे एक धरणे आणि एक माणूस दोन धरणे, आणि एक कमी करायला गेलात की दुसरी वाढते. आपल्याकडे दुसऱ्या चुकीचा मार सर्वांत जास्त बायकांना बसतो. शाळेच्या दाखल्यावर आमिना, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. निकाहनाम्यात अमीना. रेशनकार्डावर आमिनाबी, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. वारस म्हणून ती उभी राहिली, तर या तिघी एकच आहेत हे आधी तिने सिद्ध करायचे. भावाचे आडनाव जन्मापासून तेच. आमच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला मी पालकांना म्हणूनच त्रास देतो. नाव उर्दूत लिहून घेतो, मग मराठीत, मग आधार कार्डाशी अक्षर-अक्षर ताडतो. मुलींच्या बाबतीत दोनदा.

सध्या जुन्या फेरफार वह्या स्कॅन होऊन हळूहळू संकेतस्थळावर येत आहेत. पण स्कॅन म्हणजे चित्र. संगणकाकडे ते पान आहे, पानावर काय लिहिले आहे ते त्याला माहीत नाही, त्यातही पान मोडीत असेल तर अजिबातच नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, आणि यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न आता अनेक अभ्यासक करीत आहेत. त्या यंत्राला मोडीची वळणे तर शिकवावी लागतीलच, पण इसन्ने, सलास, आर्बा, खमसही शिकवावे लागतील, आणि आमिना व अमीना या एकाच घरच्या असू शकतात हेही. ज्या जुन्या पानांवर पणजीचे नाव वारसांत होते आणि पुढच्या पानावर ते गळाले, ती पाने त्याच ढिगात आहेत. गेल्या महिन्यात दहावीच्या दोन मुलींनी विचारले की मोडी कुठे शिकवतात. मी त्यांना आधी अरबी आकडे पाठ करायला दिले आहेत.